सुईच्या आधी आकडा

दवाखान्याच्या टेबलावर मांजराची शुगर ३०० आली, एवढ्यावरून त्याला मधुमेह झाला असे म्हणता येत नाही. अनोळखी वास, शेजारच्या कुत्र्याचे भुंकणे, पिंजऱ्यातून ओढून काढणारे हात, या सगळ्याने मांजर घाबरते. घाबरलेल्या मांजराच्या अंगात अॅड्रेनॅलिन उसळते आणि यकृत आपल्याजवळची साखर भराभर रक्तात सोडते. एरवी शंभराच्या आसपास असणारा आकडा भीतीने दुप्पट-तिप्पट होऊ शकतो. कुत्र्यांत हे सहसा इतके घडत नाही. मांजरांत वारंवार घडते. म्हणून जाणते डॉक्टर एका आकड्यावर निदान करत नाहीत. ते लघवीत साखर आहे का पाहतात आणि फ्रुक्टोसअमीन ही रक्ततपासणी करतात. माणसांत 'तीन महिन्यांची शुगर' काढतात, तशीच ही तपासणी मांजराच्या मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी सांगते. टेबलावरच्या दहा मिनिटांच्या भीतीने ती बदलत नाही.

निदानातली ही गफलत उपचारात शिरली तर जिवावर बेतते. समजा, मांजर घरी १५० वर स्थिर आहे, पण दवाखान्यात नेले की ३५० दाखवते. तो आकडा धरून इन्शुलिन वाढवले, तर वाढीव मात्रा मिळते ती घरच्या १५० ला. रात्री घरातले झोपलेले असताना शुगर घसरते आणि मांजर कोपऱ्यात लटपटत पडते. मांजराच्या मधुमेहाचा खरा हिशेब घरीच होतो असे मी म्हणतो, ते यासाठी. मांजर आपल्या रोजच्या जागी, आपल्या माणसाच्या मांडीवर असताना जो आकडा येतो, त्यावरच मात्रा ठरली पाहिजे.

मांजराचा मधुमेह बहुतेक वेळा माणसाच्या टाइप २ सारखा असतो. स्वादुपिंडात इन्शुलिन तयार होते, पण अपुरे, आणि शरीर त्याला नीट दाद देत नाही. इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींच्या अवतीभवती अॅमिलॉइड नावाचे प्रथिन साचत जाते; हे माणसांतही दिसते आणि मांजरांतही. मध्यम वय ओलांडलेला, नसबंदी झालेला, घरातच राहणारा आणि वजनदार बोका या आजाराच्या वाटेवर सर्वांत आधी असतो. पण म्हणून कोणी नसबंदी टाळू नये. नसबंदीनंतर भूक वाढते आणि हालचाल कमी होते, तेव्हा वाटीतले खाणे मोजून द्यावे, एवढाच त्याचा अर्थ. दुसरे मोठे कारण म्हणजे स्टेरॉइड. खाज किंवा तोंडातल्या सुजेसाठी दिलेले दीर्घकाळ टिकणारे स्टेरॉइडचे इंजेक्शन काही मांजरांना थेट मधुमेहात ढकलते. पूर्वी असे इंजेक्शन दिले असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

लक्षणे घरातल्या बाईमाणसाच्या नजरेला सगळ्यांत आधी दिसतात, कारण पाण्याचे भांडे आणि वाळूचा ट्रे बहुधा तिच्याच हातात असतो. भांडे दिवसातून दोनदा रिकामे व्हायला लागते. ट्रेमधले ओले गोळे मोठे होतात. मांजर पूर्वीपेक्षा जास्त खाते, तरी पाठीचा कणा हाताला लागायला लागतो. काही मांजरे मागच्या पायांच्या बोटांवर चालायचे सोडून टाचा टेकून चालू लागतात; साखरेने नसा दुखावल्या गेल्याची ती खूण आहे. साखर आटोक्यात आली की ही चाल बऱ्याचदा हळूहळू सुधारते. कुत्र्यांना मधुमेहात मोतीबिंदू होतो, तसा मांजरांना क्वचितच होतो.

लघवीतली साखर दाखवणाऱ्या पट्टीबद्दल एक गैरसमज इथेच दूर करतो. रक्तातली साखर २५०-२७० च्या पुढे गेल्याशिवाय मांजराचे मूत्रपिंड ती लघवीत सोडत नाही. म्हणजे पट्टीवर साखर नसली, तर शुगर १८० आहे की ४५, हे कळायला मार्ग नाही. पट्टी निदानाला मदत करते आणि शरीर चरबी जाळताना बनणारे किटोन ओळखायला फार उपयोगी पडते; तिच्यावरून इन्शुलिनची मात्रा मात्र कधीही ठरवू नये.

आता इन्शुलिन. टोरंटोमध्ये १९२१ साली बँटिंग आणि बेस्ट यांनी ते वेगळे काढले तेव्हा त्यांचे प्रयोग कुत्र्यांवर झाले, आणि पुढे कित्येक दशके माणसे गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातले इन्शुलिन टोचून घेत जगली. मांजराचे इन्शुलिन गाईच्या इन्शुलिनपेक्षा फक्त एका अमिनो आम्लाने वेगळे आहे, माणसाच्या इन्शुलिनपेक्षा चारांनी. तरीही माणसांसाठी बनवलेले ग्लार्जिन हे इन्शुलिन मांजरांत उत्तम काम करते आणि आज जगभर त्यांच्यासाठी वापरले जाते. त्याची रचना मोठी चतुर आहे. बाटलीत ते आम्लधर्मी आणि पाण्यासारखे स्वच्छ असते. कातडीखाली गेले की आम्लता नाहीशी होते, त्याचे बारीक स्फटिक बनतात आणि ते ठिबक सिंचनासारखे थोडे थोडे रक्तात उतरत राहते. म्हणूनच ग्लार्जिनमध्ये पाणी किंवा दुसरे इन्शुलिन मिसळायचे नसते. मिसळले की ही सगळी योजना मोडते. माणसांना ते दिवसातून एकदा पुरते. मांजराच्या शरीरात त्याचा जोर लवकर ओसरतो, म्हणून बारा-बारा तासांनी दोनदा द्यावे लागते. सुरुवात सहसा एका युनिटने होते, लहानखुऱ्या मांजरात अर्ध्यानेसुद्धा. तुमच्या मांजराची मात्रा डॉक्टरच ठरवतील, पण पहिल्याच दिवशी कोणी चार-पाच युनिट सांगितले तर 'डॉक्टर, हे मांजर आहे ना?' असे विचारायला संकोचू नका.

आपल्या देशात सर्वांत धोकादायक ठिकाण औषधाच्या दुकानाचा काउंटर आहे. भारतात माणसांच्या इन्शुलिनच्या साध्या बाटल्या अजूनही मोठ्या प्रमाणावर ४० युनिट प्रति मिलिलिटर ताकदीच्या मिळतात, आणि त्यांची सिरिंज लाल टोपीची असते. ग्लार्जिन सहसा १०० युनिटचे असते. त्याची सिरिंज नारिंगी टोपीची. ग्लार्जिन चुकून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये एका रेषेपर्यंत भरले, तर मांजराला एकाऐवजी अडीच युनिट जातात. सत्तर किलोच्या माणसाला दीड युनिट जास्त गेले तर बहुधा कळणारही नाही. चार किलोच्या मांजराला ते बेशुद्धीपर्यंत नेऊ शकते. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा सारखा आहे ना, हे प्रत्येक खरेदीच्या वेळी स्वतः वाचा; दुकानदारावर सोडू नका. शक्य असेल तर ०.३ मिलिलिटरची, अर्ध्या युनिटच्या खुणा असलेली सिरिंज मागा. पेन सोयीचे आहे, पण बहुतेक पेन एकेका युनिटने सरकतात, आणि मांजराच्या बाबतीत अर्ध्या युनिटलाही महत्त्व आहे.

बाटली फ्रिजमध्ये ठेवावी, बर्फाच्या खणाला चिकटून नव्हे. गोठलेले इन्शुलिन पुन्हा पातळ झाले तरी वापरू नये. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वीज गेली, तर मातीच्या ओल्या मडक्यात कोरड्या पिशवीत घालून ठेवायची जुनी पद्धत तात्पुरती चालते. ग्लार्जिन गढूळ दिसले तर फेकून द्या.

टोचणे लोकांना वाटते तितके अवघड नाही. सुई केसासारखी बारीक असते आणि खाण्यात गुंग असलेल्या मांजराला ती बहुधा जाणवतही नाही. मानेच्या मागची कातडी सर्वांना ठाऊक असते, पण रोज तिथेच टोचले की ती जागा निबर होते. बरगड्यांच्या बाजूला, मांडीच्या पुढे अशा जागा बदलत राहाव्यात. कातडीची घडी उचलावी, तिच्या पायथ्याशी सुई आडवी घालावी, दट्ट्या दाबावा. सुई घडीच्या आरपार गेली तर इन्शुलिन केसांवर सांडते. बोटाला ओल लागते आणि विशिष्ट औषधी वास येतो. अशा वेळी किती गेले, किती सांडले, हे सांगता येत नाही, म्हणून पुन्हा टोचायचे नाही. पुढच्या वेळेपर्यंत थांबायचे. एक वेळ शुगर चढली तर मांजर ते सहन करते. दुप्पट मात्रा सहन करत नाही. घरात दोघे जण टोचणारे असतील, तर कॅलेंडरवर वेळ आणि सही हवीच. 'तू दिलंस का?' या प्रश्नाचे उत्तर आठवणीवर सोडू नये.

आता मुख्य कामाकडे येतो. मांजराच्या कानाच्या बाहेरच्या कडेने एक बारीक शीर जाते; उजेडासमोर कान धरला की दिसते. ती शीर आणि कानाची कड यांच्यामधल्या अरुंद पट्टीत लॅन्सेट टोचायचे. थेंब यायचा असेल तर कान गरम हवा. कोमट पाण्यात बुडवून पिळलेले फडके अर्धा मिनिट कानाला धरले तरी पुरते. कानाच्या मागे कापसाची घडी धरा, म्हणजे लॅन्सेट तुमच्या बोटात घुसणार नाही. टोचण्याआधी तिथे व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवला, तर रक्त केसांत पसरत नाही, मण्यासारखे उभे राहते. स्ट्रिप त्या मण्याला टेकवली की ती स्वतः रक्त ओढून घेते. नंतर कापूस काही सेकंद दाबून धरायचा. न दाबल्यास कान काळानिळा पडतो. लगेच उकडलेल्या कोंबडीचा तुकडा द्यायचा, आकडा आला असो वा नसो. पहिले चार-सहा दिवस थेंब मिळत नाही, स्ट्रिपा वाया जातात आणि घरातले म्हणतात, 'कशाला त्या बिचाऱ्याला छळतेस?' ते दिवस नेटाने काढावेत. कान रोज थोडा थोडा टोचला की तिथला रक्तप्रवाह वाढतो आणि थेंब सहज येऊ लागतो. बरीच मांजरे ठरलेल्या वेळी, कोंबडीच्या आशेने, आपणहून त्या जागी येऊन बसतात.

आजोबांचा ग्लुकोमीटर चालेल का? चालेल, पण तो काय सांगतो ते समजून घेऊन. माणसाच्या रक्तातली साखर रक्तद्रव आणि तांबड्या पेशी यांत बऱ्यापैकी वाटलेली असते: सुमारे ५८ टक्के द्रवात, ४२ टक्के पेशींत. मांजरात ९३ टक्के साखर द्रवातच असते. माणसांचे यंत्र माणसांचे गणित लावते, त्यामुळे मांजराचा आकडा खऱ्यापेक्षा कमी दाखवते. प्राण्यांसाठी बनवलेले अल्फाट्रॅकसारखे यंत्र हा फरक धरून चालते, पण त्याच्या स्ट्रिपा महाग पडतात आणि मिळणेही सोपे नसते. माझे मत असे, की स्ट्रिपांची किंमत पाहून तपासणी टाळण्यापेक्षा माणसांच्या यंत्राने रोज तपासलेले कितीतरी बरे. अट एकच: यंत्र मध्येच बदलू नका, आणि कोणत्या यंत्राचा आकडा आहे ते डॉक्टरांना सांगा. अलीकडे फ्रीस्टाइल लिब्रेसारखा सेन्सरही मांजरांना लावतात. केस काढून मानेजवळ किंवा पाठीवर तो चिकटवला की दंडावर सेन्सर लावलेल्या माणसाप्रमाणेच दिवसरात्र आकडे मिळतात. तो चौदा दिवसांचा असतो, पण मांजर तो त्याआधीच उपटून टाकू शकते. सेन्सरने फार कमी आकडा दाखवला, तर कानाच्या थेंबाने पडताळा घ्यावा.

रोजचा क्रम तपासणे, खायला देणे, टोचणे असा असावा. नव्याने शिकणाऱ्याने इंजेक्शनच्या वेळी आकडा २०० च्या खाली आला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय टोचू नये. मांजराने खाल्ले नाही किंवा उलटी केली, तरीही आधी फोन करावा. पण केवळ इंजेक्शनच्या आधीच्या आकड्यावरून मात्रा ठरत नाही. ती ठरते दोन इंजेक्शनांच्या मध्ये शुगर किती खाली उतरली यावर. म्हणून अधूनमधून, सुटीच्या दिवशी, बारा तास दर दोन तासांनी तपासून आलेख काढायचा. सर्वांत खालचा आकडा साधारण ८० ते १५० च्या दरम्यान असावा, हे उद्दिष्ट. सकाळी ३२० पाहून मात्रा वाढवावीशी वाटते. दुपारी तीच शुगर ९० वर असेल, तर वाढवणे धोक्याचे ठरेल. ग्लार्जिनची मात्रा बदलल्यावर तिचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस लागतात. त्यामुळे बदल लहान असावा, पाव-अर्ध्या युनिटचा, आणि पुढच्या बदलाआधी आठवडाभर थांबावे. घाईत रोज मात्रा बदलणाऱ्या घरात आकडे कधीच स्थिर होत नाहीत.

शुगर ६० च्या खाली गेली तर तो तातडीचा प्रसंग आहे, मांजर ठीक दिसत असले तरी. अशक्तपणा, झिंगल्यासारखी चाल, डोळ्यांत शून्य भाव, अंग थरथरणे, शेवटी झटके असा क्रम असतो. मांजर गिळू शकत असेल तर आवडीचे खाणे लगेच द्या आणि मध किंवा ग्लुकोज पावडरची घट्ट पेस्ट हिरड्यांवर चोळा. झटके येत असतील तर तोंडात काही ओतू नका, ते फुप्फुसात जाते. हिरडीला बोटाने थोडा मध चोळा आणि दवाखान्याकडे निघा. मांजर सावरल्यावरही निर्धास्त होऊ नये, कारण इन्शुलिन अजून काही तास काम करणार असते. दर पंधरा-वीस मिनिटांनी कान तपासत राहा. मधाची बाटली आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर फ्रिजवर हवा. याच्या उलट संकट किटोनचे. मांजर खात नाही, उलट्या करते, मरगळून पडते, आणि लघवीच्या पट्टीवर किटोन दिसतात. त्याला सलाइन आणि दवाखान्यातले इन्शुलिन लागते. 'उद्या बघू' म्हणायला वेळ नसतो.

खाण्याबद्दल आपल्या घरांना थोडे कटू बोलावे लागेल. दूधभात, दूधपोळी, बिस्किटे खाऊन मांजर जगते, पण ते त्याचे अन्न नाही. मांजर पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. जेवणातली साखर झटपट हाताळणारे ग्लुकोकायनेज हे विकर त्याच्या यकृतात फारच कमी असते. कोरड्या दाण्यांतही पिष्ट पुष्कळ असते. मधुमेही मांजराला कमी पिष्टाचे, जास्त प्रथिनांचे, टॉरिन असलेले ओले खाणे मिळाले की इन्शुलिनची गरज ठळकपणे घटते. म्हणूनच खाणे बदलताना मात्राही कमी करावी लागू शकते. दोन्ही गोष्टी डॉक्टरांशी बोलूनच कराव्यात. वजन सावकाश उतरवा. मांजराला उपाशी ठेवले तर यकृतात चरबी भरून ते दगावू शकते.

या कष्टांचे फळ कोणते, तर मांजरांत हा आजार परतवता येतो. शुगर सतत चढी राहिल्याने स्वादुपिंडाच्या पेशी दमतात. ती आटोक्यात आली की त्यांतल्या काही पुन्हा कामाला लागतात आणि इन्शुलिन बंद करता येते. कर्स्टन रूम्प आणि जॅकी रँड यांचा २००९ सालचा अभ्यास मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्यातल्या मांजरांची शुगर त्यांच्या माणसांनी घरीच तपासली होती. ग्लार्जिन आणि काटेकोर तपासणीवर असलेल्या ५५ मांजरांपैकी ६४ टक्के मांजरांचे इन्शुलिन सुटले. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत हा उपचार सुरू झालेल्यांत हे प्रमाण ८४ टक्के होते; उशीर केलेल्यांत ३५ टक्के. सगळ्या अभ्यासांत इतके चांगले आकडे आलेले नाहीत, आणि सुटलेला आजार परतही येऊ शकतो. पण लवकर सुरुवात करण्याचा फायदा स्पष्ट आहे. 'थोडे दिवस नुसते पथ्य करून पाहू' यात गेलेले महिने फार महागात पडतात.

सगळे नीट करूनही मात्रा वाढतच गेली, तर दातांतला किंवा मूत्रमार्गातला जंतुसंसर्ग शोधावा. तो नसेल तर वाढीच्या संप्रेरकाचा विचार करावा. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी २०१५ साली बाराशेहून अधिक मधुमेही मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत सुमारे चौघांत एकाला पियुषिकेतल्या गाठीमुळे हे संप्रेरक जास्त असावे असे दिसले. अशा मांजराचे वजन मधुमेहातही वाढते, जबडा आणि पंजे रुंदावतात. अमेरिकेत २०२२ साली बेक्साग्लिफ्लोझिन आणि २०२३ साली व्हेलाग्लिफ्लोझिन ही तोंडाने द्यायची औषधे मांजरांसाठी मंजूर झाली. ती निवडक, आधी इन्शुलिन न घेतलेल्या मांजरांसाठीच आहेत, आणि त्यांत शुगर फारशी न वाढताही किटोन वाढण्याचा धोका असतो. त्यांच्या नावाशी मिळतीजुळती गोळी आजीच्या डब्यात आहे म्हणून मांजराला देऊ नका.

बारा तासांचे हे वेळापत्रक एकट्याने सांभाळण्यासारखे नाही. गणपतीला कोकणात जायचे असते, लग्नकार्ये असतात, आजारपणे येतात. शेजारच्या मुलाला, भाचीला, कोणाला तरी आजच शिकवून ठेवा. आणि डॉक्टरांनी पहिले इन्शुलिन लिहून दिले की चिठ्ठी घेऊन लगेच उठू नका. कान कसा टोचायचा आणि सिरिंज कशी भरायची, या दोन गोष्टी त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने करून पाहा, मगच मांजराला घरी न्या.